झेंडा, धर्मवीर आणि पडद्यावर नसलेला मतदार

मराठी राजकीय सिनेमात नेता असतो, कार्यकर्ता असतो, पत्रकार असतो, पैसेवाला असतो. मतदार मात्र सभेच्या गर्दीत असतो. तो घोषणा देतो, टाळ्या वाजवतो, फार तर दगड उचलतो. कुणाला मत द्यावं यावर ओट्यावर किंवा जेवताना वाद घालणारा माणूस कथेच्या मध्यभागी येत नाही. गेल्या काही महिन्यांत मी ‘सिंहासन’, ‘झेंडा’ आणि ‘धर्मवीर’चे दोन्ही भाग ओळीनं पाहिले. मी छत्रपती संभाजीनगरचा. माझ्या शहरातला मतदार २०१९ पासून ज्या पेचात सापडलाय, तो कुणी पडद्यावर मांडलाय का, एवढंच मला बघायचं होतं.

पेच असा आहे. एकाच विचाराचे, एकाच पक्षातून आलेले दोन उमेदवार समोर उभे आहेत. पलीकडच्या बाजूला मत द्यायचा प्रश्नच येत नाही. मग या दोघांतला आपला कोण?

अमेरिकेत या प्रश्नासाठी वेगळी निवडणूक असते, प्रायमरी. २०१६ साली अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी रिपब्लिकन पक्षातून सतरा प्रमुख इच्छुक उतरले होते. परंपरावादी मतदार महिनोन्महिने आपसांत भांडत होता : आपल्या विचाराचा खरा कोण, नुसता बोलणारा कोण, जिंकून येण्यासारखा कोण. या पद्धतीतही खोट आहेच. साउथ कॅरोलिनात ट्रम्प यांना साधारण साडेबत्तीस टक्के मतं मिळाली आणि त्या राज्याचे पन्नासच्या पन्नास प्रतिनिधी त्यांच्या पदरात पडले, कारण उरलेली मतं बाकीच्यांत वाटली गेली. पण एक गोष्ट तिथे मान्य आहे. आपल्या बाजूचा एखादा उमेदवार नको म्हणणं म्हणजे बाजू सोडणं नव्हे.

आपल्याकडे उमेदवार वरून येतो. २०१४ साली काँग्रेसनं देशातल्या मोजक्या मतदारसंघांत प्रायमरीचा प्रयोग केला. महाराष्ट्रात लातूर आणि वर्धा निवडले होते. पण मतदानाचा हक्क पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना होता, सामान्य मतदाराला नव्हता. दोन्ही जागा काँग्रेस हरली आणि प्रयोग तिथेच थांबला. त्यामुळे आपल्याकडे घरातलं भांडण थेट मुख्य निवडणुकीत होतं. औरंगाबाद लोकसभा मतदारसंघात ते लागोपाठ दोनदा झालं.

*

२०१९ चे आकडे इथल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर तोंडपाठ मिळतील. एमआयएमचे इम्तियाज जलील ३,८९,०४२, शिवसेनेचे चंद्रकांत खैरे ३,८४,५५०, अपक्ष हर्षवर्धन जाधव २,८३,७९८. जलील ४,४९२ मतांनी निवडून आले. जाधवांची मतं या फरकाच्या त्रेसष्टपट होती. जाधव काही परके नव्हते. २००९ मध्ये मनसेकडून आणि २०१४ मध्ये शिवसेनेकडून ते कन्नडचे आमदार झाले होते. २०१८ मध्ये मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला.

जाधवांना मिळालेलं प्रत्येक मत एरवी खैरेंनाच गेलं असतं, असं समजणं चूक आहे. त्यात आरक्षणाचा राग होता, जातीचा हिशेब होता, आणि १९९९ पासून सलग चार वेळा निवडून आलेल्या खासदाराचा कंटाळाही होता. पण मतदान यंत्र कारण विचारत नाही. ज्या यंत्रणेत फक्त शेवटचा आकडा साठतो, तिच्यातून तो आकडा का आला हे मागाहून काढता येत नाही. माझ्या रोजच्या कामात हा अनुभव नेहमीचा आहे. निकालानंतर कारणं मागे पडली आणि एकच वाक्य उरलं : आपसांत भांडलात म्हणून हरलात.

त्या वाक्याला या शहरात जुना आधार आहे. १९८८ च्या महापालिका निवडणुकीतल्या यशानंतर बाळासाहेब ठाकरे यांनी इथल्या सभेत शहराला संभाजीनगर म्हटलं. पुढच्या वर्षी मोरेश्वर सावे लोकसभेत गेले. तेव्हापासून एक घोषणा इथल्या प्रत्येक निवडणुकीत फिरत आली आहे : खान हवा की बाण? या घोषणेतला मुसलमान द्वेष उघडच आहे, त्यावर पुष्कळ लिहूनही झालंय. तिचं दुसरं काम मात्र कमी बोललं जातं. ती बाणाच्या मतदारालाही गप्प बसवते. पाणी आठ दिवसांनी का येतं, रस्त्यावर कचरा का साचतो, हे आपल्याच खासदाराला, आपल्याच नगरसेवकाला विचारायला गेलं की उत्तर तयार असतं : मग काय, खानाला देणार का? समोरच्याची भीती घातली की आपल्या माणसाला हिशेब द्यावा लागत नाही.

*

आता चित्रपटांकडे येतो.

जब्बार पटेल यांचा ‘सिंहासन’ (१९७९) अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर उभा आहे. पटकथा विजय तेंडुलकरांची. मुख्यमंत्री, त्यांच्यावर टपलेला अर्थमंत्री, कामगार पुढारी, आणि हे सगळं बघणारा दिगू टिपणीस. सत्तेचा बाजार कसा चालतो, हे इतक्या थंडपणे दाखवणारा दुसरा मराठी चित्रपट मला माहीत नाही. पण त्याच्या जगात निवडणूक होऊन गेलेली आहे. मतदारानं आपलं काम उरकलंय, आता खेळ आमदारांचा. दिगूला सगळं कळतं आणि कळून काही करता येत नाही, म्हणून शेवटी तो वेड्यासारखा हसतो. नागरिकानं कळून घ्यावं आणि हताश व्हावं, एवढीच जागा हा चित्रपट त्याला देतो. १९७९ मध्ये हे धाडसाचं होतं. आज ती हताशा फार सोयीची वाटते. ‘सगळे सारखेच’ म्हणून हात झटकणाऱ्याला दोघांतला बरा कोण, हे शोधण्याचे कष्ट पडत नाहीत.

अवधूत गुप्ते यांचा ‘झेंडा’ (२०१०) माझ्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ जातो. पक्षात भाऊबंदकी होते, पक्ष फुटतो आणि दोन मित्र दोन बाजूंना जातात. मनसेच्या स्थापनेला तेव्हा चार वर्षं झाली होती, त्यामुळे प्रेक्षकाला खुणा पटवून द्याव्या लागल्या नाहीत. सतरंज्या उचलणाऱ्या पोरांबद्दल या चित्रपटाला खरी कळकळ आहे. नेत्यांचं भांडण नेत्यांना परवडतं, पोरांची मात्र मैत्री, नोकरी आणि उमेदीची वर्षं जातात, हे तो पोटतिडकीनं सांगतो. पण त्यातल्या पोरांचा प्रश्न ‘कुणाच्या मागे जायचं’ हाच राहतो. गाजलेल्या गाण्यातही तो विठ्ठलालाच विचारला आहे. त्या दोन झेंड्यांमध्ये फरक काय, दोघांकडून आपण काय मागायचं, हे कुणी विचारत नाही. फसवणूक झाल्याचं दुःख आहे, पण निवड करण्याचा हक्क आपला आहे ही जाणीव नाही.

प्रवीण तरडे यांचा ‘धर्मवीर’ १३ मे २०२२ रोजी आला. त्यानंतर जेमतेम सव्वा महिन्यात एकनाथ शिंदे आमदारांना घेऊन सुरतेला गेले. त्यामुळे तो चित्रपट आता नुसता चित्रपट म्हणून बघताच येत नाही. प्रसाद ओक यांनी आनंद दिघे विलक्षण उभे केलेत, हे विरोधकांनीही मान्य करावं. मला त्यातले दरबाराचे प्रसंग महत्त्वाचे वाटतात. टेंभी नाक्यावरच्या आनंद आश्रमात माणसं गाऱ्हाणी घेऊन येतात आणि साहेब तिथल्या तिथे निकाल लावतात. थिएटरात या प्रसंगांना शिट्ट्या पडतात आणि त्या का पडतात ते मला समजतं. सरकारी कचेरीत सहा चकरा मारलेल्या माणसाला असा एक साहेब हवाच असतो. पण या दृश्यांत नागरिक मागायला येतो, निवडायला नाही. वर गुरू-शिष्याचं नातं, गुरुपौर्णिमेची पूजा. राजकारण गुरुभक्तीचं झालं, की तिथे दोनच माणसं उरतात, निष्ठावंत आणि गद्दार. मतभेद असलेला माणूस या कथेत बसतच नाही.

दुसरा भाग सप्टेंबर २०२४ मध्ये आला, विधानसभेच्या दोन महिने आधी. त्याच्या नावाखाली ‘साहेबांच्या हिंदुत्वाची गोष्ट’ असं लिहिलेलं आहे. खरा कोण, हाच तर मतदाराच्या घरातला वाद होता. चित्रपटानं तो वाद दाखवायचा सोडून त्याचा निकालच पोस्टरवर छापला.

*

प्रत्यक्षातही निकाल आधी दुसऱ्यांनीच लावला होता. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगानं शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिला. त्या आदेशातली एक बेरीज नीट वाचण्यासारखी आहे. २०१९ मध्ये सेनेच्या ५५ विजयी आमदारांना मिळालेल्या एकूण मतांपैकी शिंदेंसोबतच्या ४० आमदारांची मतं सुमारे ७६ टक्के भरतात, हा बहुमताचा एक पुरावा धरला गेला. आमच्या जिल्ह्यातले पाच आमदार त्या चाळिसांत होते : संदिपान भुमरे, अब्दुल सत्तार, संजय शिरसाट, प्रदीप जैस्वाल, रमेश बोरनारे. म्हणजे २०१९ मध्ये ज्यानं मध्य मतदारसंघात जैस्वालांना मत दिलं, त्याचं ते मत तीन वर्षांनी उभ्या राहिलेल्या भांडणात एका बाजूला मोजलं गेलं. त्याला कुणी विचारलं नाही.

आमच्या धंद्यात एखाद्या प्रणालीच्या दोन शाखा होतात. इतिहास एकच असतो, एका तारखेपासून वाटा वेगळ्या होतात. मूळ नाव कुणाकडे राहील ते मालकीवर ठरतं. वापरणारे कुठे जातील, ते त्यांचं ते ठरवतात. इथे वापरणाऱ्यांची पाळी १३ मे २०२४ ला आली, ‘धर्मवीर’ला बरोबर दोन वर्षं झाली त्या दिवशी. भुमरेंकडे धनुष्यबाण, खैरेंकडे मशाल. ठाकरे गटात खैरेंसोबत अंबादास दानवेही इच्छुक होते. तो प्रश्न ‘मातोश्री’वर मिटला. महायुतीत भाजपलाही ही जागा हवी होती. ते मुंबईत-दिल्लीत मिटलं.

मतदानाआधीच्या महिन्यात आमच्या घरी रोज हाच विषय होता. मोठे काका गुलमंडीच्या जुन्या शाखेत वाढलेले. त्यांचं म्हणणं, “चिन्ह गेलं म्हणून माणूस सोडायचा का?” धाकटे काका वाळूजला कामाला. ते म्हणायचे, “माणूस वीस वर्षं होताच की. आता मत फुटलं तर पुन्हा एकोणीस होईल.” म्हणजे एकाच्या मते खरा कोण हे महत्त्वाचं, दुसऱ्याच्या मते निवडून कोण येईल हे. अमेरिकेतल्या मतदाराचे दोन्ही प्रश्न आमच्या जेवणाच्या ताटावर होते. काकूचा प्रश्न तिसरा होता : “दोघांपैकी पाणी कोण आणणार?” जायकवाडीचं धरण पन्नास किलोमीटरवर, आणि नळाला पाणी कधी पाच तर कधी आठ दिवसांनी. १,६८० कोटींची योजना २,७४० कोटींवर गेलेली. एप्रिल २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली, त्यानंतर प्रशासक. विचारायला तेव्हा नगरसेवकही नव्हता. पाणी हा खासदाराचा विषय नाही, असं दोन्ही काकांनी एका सुरात सांगितलं. त्या महिन्यात त्यांचं एकमत झालेला हा एकच मुद्दा.

निकाल लागला : भुमरे ४,७६,१३०, जलील ३,४१,४८०, खैरे २,९३,४५०. दोन सेनांच्या मतांची बेरीज साडेसात लाखांच्या वर. या वेळी भांडणाची किंमत मोजावी लागली नाही. पण भांडण नेमकं कशावर झालं हे आकडा याही वेळी सांगत नाही. खैरेंची मतं २०१९ चीच होती असंही नाही. महाविकास आघाडीचे उमेदवार म्हणून त्यांना मुस्लिम मोहल्ल्यांतही मत मागायचं होतं, आणि तिथेही घराघरांत वाद होता : जलील की आघाडी? ‘खान की बाण’च्या शहरात बाण एकाकडे, बाणाचा जुना उमेदवार दुसरीकडे, आणि तो उमेदवार खानाच्या दारात. कादंबरीकाराला आणखी काय हवं?

तरी ही कादंबरी लिहिली गेलेली मला दिसत नाही. याचं कारण लेखकांची उदासीनता नसावी. आपल्या राजकीय कथेकडे निष्ठेसाठी शब्द आहेत, गद्दारीसाठी तर भरपूर आहेत. ‘पन्नास खोके’ विधानभवनाच्या पायऱ्यांवरून लग्नाच्या पंगतीपर्यंत पोचले. मी याच घरातला, पण हा उमेदवार मला नको, का नको ते सांगतो, असं म्हणणाऱ्याला मात्र आपल्याकडे नाव नाही. कायद्यानं त्याला जागा दिलेली नाही, पक्षानं दिलेली नाही आणि सिनेमानंही दिलेली नाही. पहिल्या दोघांचा त्यात स्वार्थ आहे. सिनेमाचा नाही, म्हणून माझी तक्रार सिनेमाकडे जास्त आहे.

मला बघायचा असलेला चित्रपट फार खर्चाचा नाही. त्यात एकही नेता दिसायची गरज नाही. दोन खोल्यांचं घर, चार मतदार, मतदानाला उरलेले आठ दिवस. प्रत्येकाचं कारण वेगळं असेल आणि प्रत्येकाला ते दुसऱ्यासमोर मांडावं लागेल. शेवटी कुणी कुणाला मत दिलं, हे दाखवलं नाही तरी चालेल. काकूच्या प्रश्नाला मात्र कुणीतरी उत्तर द्यावं.