तुणतुण्याचे वर्गीकरण : एक पुनर्विचार

प्रस्तावना :
लालबाग-परळच्या गिरणगावात शाहिराच्या डफाला झिलकऱ्याच्या तुणतुण्याची साथ असे. अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या लाल बावटा कलापथकाने ही शाहिरी कामगारवर्गात दृढ केली. तथापि वाद्यविषयक लेखनात तुणतुण्याची बोळवण बहुधा 'एकतारीसारखे लोकवाद्य' एवढ्यावरच होते. या वर्णनाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :
एकतारी व तुणतुणे यांतील साम्य मुख्यतः तारेच्या संख्येचे आहे. एकतारीत दांडी भोपळ्यात बसवलेली असते आणि तार घोडीवरून दांडीला समांतर जाते. म्हणून ती ल्यूट-कुळात मोडते. तुणतुण्यात नळकांड्याच्या तळाला चामडे असते. चामड्याच्या मध्यातून निघालेली तार पोकळीतून वर, बाहेरच्या काठीवरील खुंटीपर्यंत जाते. म्हणजेच ती चामड्याशी काटकोन करते. हा भेद मूलभूत होय.

भरताच्या नाट्यशास्त्रातील चतुर्विध विभागणी येथे लावली असता पेच पडतो. तार पाहावी तर वाद्य 'तत', चामडे पाहावे तर 'अवनद्ध'. हॉर्नबोस्टेल व झाक्स यांनी १९१४ साली बंगालच्या गोपीयंत्रासारखी वाद्ये चर्मवाद्यांत घातली. १९८१ साली लॉरेन्स पिकन यांनी ती तंतुवाद्येच असल्याचे प्रतिपादन केले. पिकन यांचे मत अधिक ग्राह्य वाटते. स्वराची उंची तार ठरवते, चामडे केवळ नाद वाढवते. सरोद व सारंगी यांनाही चामडे असते, परंतु त्यांना कोणी अवनद्ध म्हणत नाही. मात्र गोपीयंत्रात बांबूच्या पाती दाबून तारेचा ताण बदलतात. तुणतुण्यात खुंटीने मिळवलेला सूर कायम राहतो. म्हणून तुणतुण्याला ततवर्गातच पण स्वतंत्र उपवर्ग द्यावा लागेल.

नावावरून वर्ग ठरवणेही धोक्याचे आहे. 'एकतारी' व फारसी 'सेहतार'वरून आलेली 'सतार' ही नावे तारा मोजतात. 'तुणतुणे' हे ध्वन्यनुकारी आहे. 'वीणा' या एकाच नावाखाली तर प्राचीन धनुष्याकृती वाद्यापासून रुद्रवीणेपर्यंत भिन्न रचना सामावल्या आहेत.

निष्कर्ष :
'तेच तुणतुणे' या वाक्प्रचारातील उपेक्षा अभ्यासातही उतरली आहे. 'एकतारीचा प्रकार' असे उत्तर आपण बरोबर मानतो, तेव्हा शाहिरांनी जपलेली एक स्वतंत्र वाद्यरचनाच अभ्यासक्रमातून पुसली जाते. लोकवाद्याचे वर्गीकरण त्याच्या प्रतिष्ठेवरून नव्हे, तर रचनेवरून व्हावे.