‘१,१६,००० ते ३,५०,०००’ हा आकडा कसा वाचायचा?

‘रिपोर्ट क्रिटिकली वाचा’ असं सगळे सांगतात, पण म्हणजे नेमकं काय करायचं ते फारसं कुणी दाखवत नाही. म्हणून आज एक रिपोर्ट घेऊ. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने तो एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धात परमुलखात मेलेल्यांची स्मारकं उभारताना आपणच भेदभाव केला का, याची ही तपासणी. १९१७ साली स्थापन झालेल्या या संस्थेचं तत्त्व होतं की हुद्दा, वंश, धर्म न बघता सगळ्यांना सारखा मान मिळावा.

रिपोर्ट म्हणतो, ४५,००० ते ५४,००० जणांना तो सारखा मिळाला नाही. यात मुख्यतः भारतीय, पूर्व आणि पश्चिम आफ्रिकी, इजिप्शियन आणि सोमाली लोक आहेत. शिवाय किमान १,१६,००० आणि कदाचित ३,५०,००० पर्यंत माणसांचं नावानिशी स्मारकच नाही, काहींचं तर कुठल्याच स्वरूपात नाही.

इथे थांबा. वरचा आकडा खालच्याच्या तिप्पट आहे. सवयीने आपण याला कॉन्फिडन्स इंटरव्हल समजतो, पण ते तसं नाही. इथे सॅम्पल घेतलेलं नाही. मुळात नोंदीच अपुऱ्या आहेत. म्हणून ‘मध्यावरचा आकडा खरा’ असं म्हणता येत नाही. ‘किमान’ आणि ‘कदाचित’ हे दोन्ही शब्द गाळून नुसतं ‘साडेतीन लाख’ लिहिलंत, तर तुम्ही रिपोर्ट चुकीचा उद्धृत केलात.

रिपोर्टची मला आवडलेली बाजू म्हणजे कारण सांगताना तो ‘त्या काळची पद्धत’ म्हणून हात झटकत नाही, वंशवाद हा शब्द वापरतो. कमकुवत बाजू अशी की संस्थाच स्वतःची परीक्षक आहे आणि पुराव्याचा मोठा भाग तिच्याच दप्तरातला आहे. आणि हा प्रश्न आधी उचलला बाहेरच्यांनी: मिशेल बॅरेट यांचं संशोधन कित्येक वर्षं आधीचं, मग २०१९ मध्ये डेव्हिड लॅमी यांची डॉक्युमेंटरी. लिटरेचर रिव्ह्यू करताना ‘पहिल्यांदा कोणी विचारलं’ हे शोधायचं ते यासाठीच.

आता मेसोपोटेमिया बघा. तिथे लढणाऱ्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी कूतला ती शरण गेली. या मोहिमेतल्या, कबर सापडत नाही अशा मृतांसाठी १९२९ साली बसरा मेमोरियल झालं. अधिकाऱ्यांची नावं कोरली. साध्या भारतीय शिपायांचा मात्र पलटणीखाली नुसता आकडा! नोंदी नव्हत्या म्हणून नाव राहणं वेगळं आणि नोंदी असून न कोरणं वेगळं. आफ्रिकेतल्या हमालांच्या बाबतीत बऱ्याचदा पहिलं कारण दिलं जातं, बसऱ्याला ते लागू होत नाही. ‘मिसिंग डेटा’ म्हटलं की तो मिसिंग कोणी केला हेही विचारायला हवं. एकत्र बेरजेत हा फरक पुसला जातो, हा माझा मुख्य आक्षेप.

आपल्याकडच्या काही गावांत इंग्रजांनी लावलेल्या संगमरवरी पाट्या आहेत: या गावातून इतके जण महायुद्धाला गेले, इतके मेले. तिथेही नाव नाही. कमिशनचा डेटाबेस ऑनलाइन फुकट बघता येतो. बऱ्याच भारतीय शिपायांच्या नोंदीत वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हा असतो. स्पेलिंग इंग्रज कारकुनाच्या कानाने लिहिलेलं, त्यामुळे गाव ओळखायला तिथली बोली जाणणारा माणूस लागतो. पाटीवरचा आकडा आणि डेटाबेसमधली नावं जुळवून पाहणं हा एमए-एमएस्सीच्या प्रोजेक्टला पुरेल एवढा विषय आहे. सुरुवात एका तालुक्यापासून करा.