आप्तसंबंधांचें शास्त्र आणि प्रक्षिप्त श्लोक

डेक्कन कॉलेज इ. स. १९३४ मध्यें बंद पडलें आणि १९३९ मध्यें संशोधनसंस्था म्हणून पुनः उघडलें. त्या वेळीं तेथें समाजशास्त्र व मानववंशशास्त्र यांनाहि जागा मिळाली, व तें काम डॉ. इरावती कर्वे (१९०५–१९७०) यांजकडे आलें. या शाखेनें आमच्या जुन्या ग्रंथांचा जो उपयोग केला, त्याचें परीक्षण पोथ्या जमविणाऱ्यांकडून व्हावें तसें झालेलें नाहीं. कवट्यांचीं मापें घेणाऱ्यांशीं आपला काय संबंध, अशी एक समजूत आपल्या मंडळींत अजूनहि आढळते. ती सोडण्याजोगी आहे.

मापनाचा भाग थोडक्यांत आटोपतों. इरावतीबाईंचा बर्लिन येथील प्रबंध ऑयगेन फिशर यांच्या हाताखालीं झाला. कवटीच्या डाव्याउजव्या बाजूंतील फरकाचा वंशाशीं संबंध लागत नाहीं, असा निष्कर्ष त्यांनीं, वंशभेदाच्या कल्पनेस वाहिलेल्या त्या गुरूच्याच संस्थेंत बसून, काढला. त्याला लागणारें धैर्य लहान नव्हे. पुढें गुजराथेंतील लांघणज येथें निघालेल्या सांगाड्यांवर त्यांनीं डॉ. सांकळिया यांच्याबरोबर काम केलें. तें त्या शास्त्रांतील जाणत्यांनीं तपासावें.

आमचा विषय निराळा आहे. वेद व महाभारत यांतील नात्यांच्या शब्दांवर बाईंनीं प्रथम निबंध लिहिले, आणि १९५३ सालीं हिंदुस्थानांतील आप्तसंबंधांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला. देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण व पूर्व असे चार विभाग पाडून त्यांत विवाहाचे व संबोधनाचे नियम मांडले आहेत. अशा दृष्टीपासून संस्कृतज्ञास काय मिळतें? 'भ्रातृव्य' हा एकच शब्द घ्या. भावाचा मुलगा आणि शत्रु असे त्याचे दोन अर्थ. पाणिनीनें दोहोंसाठीं निराळीं सूत्रें केलीं, वैयाकरणांनीं स्वरभेद सांगितला, आणि आम्हीं वर्गांत तेवढेंच शिकवीत आलों. एकाच कुळांतील माणसास शत्रूचें नांव कां पडावें, हा प्रश्न व्याकरणाच्या तासाला कोणी विचारीत नसे. मानववंशशास्त्र तो विचारतें, आणि विचारल्याबरोबर कौरवपांडवांचें सगळें भांडण त्या एका प्रत्ययांत दिसूं लागतें.

आतां दोष. बाईंनीं महाभारतासाठीं भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ति आधारास घेतली. कवीचा जुन्यांत जुना पाठ हवा असेल त्याला हें योग्यच. परंतु समाजाचे आचार शोधणाऱ्यास तेवढ्यानें भागत नाहीं. सुभद्राहरणाचें प्रकरण पाहावें. कुंती ही वसुदेवाची बहीण, म्हणून सुभद्रा अर्जुनाची मामेबहीण. उत्तरेकडील पोथ्यांत ही कथा आटोपशीर आहे. दाक्षिणात्य पोथ्यांत अर्जुन यतिवेषानें राहतो, सुभद्रा त्याची सेवा करते, विवाह यथासांग होतो, आणि हा विस्तार पुष्कळ लांबतो. डॉ. सुखठणकरांनीं १९३३ च्या आदिपर्वांत तो परिशिष्टांत घातला. पाठचिकित्सक म्हणून त्यांनीं उचित तेंच केलें. पण मामेबहिणीशीं विवाह हा दाक्षिणात्यांचा आचार असल्याचें बौधायन धर्मसूत्रांत स्पष्ट नमूद आहे. ज्या प्रदेशांत तो घरोघर चालत होता, तेथील लेखकांच्या हातून नेमकी हीच कथा फुगावी, हा माझ्या मतें योगायोग नव्हे. पाठचिकित्सकाला जें प्रक्षिप्त, तें मानववंशशास्त्रज्ञाला साक्षीदार. तो साक्षीदार परिशिष्टांत उभा असतां त्याची जबानी घ्यावयास हवी होती.

शब्दांचें बोट सुटलें म्हणजे काय होतें, तें 'युगान्ता'ंत दिसतें. विदुर हाच युधिष्ठिराचा पिता असावा, असें बाईंनीं तेथें सुचविलें आहे. दिराकडून नियोग हा आधार, आणि विदुर व युधिष्ठिर दोघेहि धर्माचे अंश हा दुसरा. तर्क मोहक आहे. पण दासीपुत्र विदुर नियोगापुरता 'देवर' गणला जाईल काय, या प्रश्नावर सारें अडतें. आणि संबोधनांचीहि मदत होत नाहीं, कारण 'तात' हें पित्यास म्हणतात तसेंच वडील माणसें पोरांनाहि म्हणतात. ग्रंथ वाचनीय आहे, साहित्य अकादमीचा पुरस्कारहि त्याला मिळाला. एवढ्यानें अनुमान सिद्ध होत नाहीं.

याहून मोठी उणीव मधल्या शतकांची. १९५३ च्या ग्रंथांत एका टोकास प्राचीन ग्रंथ आहेत, दुसऱ्या टोकास विसाव्या शतकांतील जिवंत माणसें; मधला काळ विरळ आहे. त्यानें काय अडतें तें मराठीवरूनच दाखवितां येईल. बाईंच्या मांडणीप्रमाणें महाराष्ट्रांतील पुष्कळ जातींत मामेबहीण करतात, आतेबहीण सहसा करीत नाहींत. सून सासूला 'आत्याबाई' म्हणते, तें याच्याशीं जुळतें. पण सासऱ्याला ती 'मामंजी' म्हणते! तो खरोखर तिचा मामा असेल, तर नवऱ्यानें आतेबहीण केली असें होईल. मग हा शब्द साट्यालोट्याच्या लग्नांची खूण म्हणावी, कीं कित्येक घरांत आत्याच्या यजमानांस मामाच म्हणतात तोच प्रघात येथें आला म्हणावें? आजच्या माणसांस विचारून याचा निकाल लागणार नाहीं. दोन्ही शब्द कोणत्या काळच्या, कोणत्या प्रांतांतल्या आणि कोणत्या जातीच्या पत्रांत प्रथम येतात, तें पाहावें लागेल.

आणि तीं पत्रें कोणापाशीं आहेत? आपल्यापाशींच. येथें दोष त्या शाखेकडून आपल्याकडे वळतो. दप्तराचा रुमाल सोडला कीं आपण स्वारीचीं पत्रें व सनदा वर काढतों; लग्नाच्या याद्या, आहेराचे हिशेब, घरगुती खुशालीचीं पत्रें 'किरकोळ' या शेऱ्याखालीं परत बांधतों, आणि तीं पुढें वाळवीला जातात. वंशावळी छापतांना मुलगी कोणत्या घराण्यांत दिली तें टीपेंतूनहि गाळल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. वतनाच्या व दत्तकाच्या निवाड्यांत आजोळची बाजू पुष्कळदां सविस्तर येते. क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्या लागलेल्या असतात. मामा नेमका कोण होता, हें सांगणारे हेच कागद.

ज्यांच्या संग्रहीं असे रुमाल आहेत त्यांनीं यादी करतांना निदान पत्र लिहिणाराचें नांव, गांव, शक आणि पत्रांत आलेलीं नात्यांचीं संबोधनें जशींच्या तशीं, शुद्धलेखन न सुधारतां, उतरून घ्यावींत. 'मामंजी' असेल तेथें 'श्वशुर' लिहूं नये.