ओसाड कुणाला?

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) कॉलेजात पहिल्यांदा वाचली तेव्हा शेवटाला मी रडले होते. पाऊस नाही, मेंढरं मरतात, धनगर वाडी सोडून जातात, मास्तरही निघतो. संपलं सगळं, असं वाटलं. परवा इथं कारापूरला पावसाची झड लागली होती, तेव्हा पुन्हा वाचली. या वेळी रडू आलं नाही, प्रश्न पडला. वाडी ओसाड झाली, हे सांगतं कोण?

सांगतो मास्तर. तो बाहेरून आलेला, सरकारी नोकर. आधी त्याला नुसता माळ दिसतो. मग कारभारी, आनंदा रामोशी अशी माणसं कळत जातात आणि माळही कळतो. नजरेतला हा बदल माडगूळकरांनी कुठंही न सांगता दाखवला आहे. ही कादंबरीची मोठी कमाई. पण शेवटी मोजमाप शाळेचंच राहतं. मुलं गेली, म्हणजे गाव गेलं. गेलेल्या माणसांच्या मागं कादंबरी जात नाही.

दुष्काळ खोटा नव्हता, हे कबूल. पण निघणं म्हणजे हरणंच का? कोरड्या मुलखातले कितीतरी धनगर पावसाळा सरला की मेंढरं घेऊन निघतात आणि पुढच्या पावसाला परततात. वाट हीसुद्धा त्यांची जमीनच. आम्हा जैनांना तरी हे कळायला हवं. आमचे साधू-साध्वी आठ महिने विहार करतात, चातुर्मासात एका जागी राहतात. त्यांच्या आपण पाया पडतो. धनगराला मात्र ‘भटका’ म्हणून मोकळे होतो.

आपल्या पेडण्यातल्या मोपाच्या सड्याचंही तेच झालं. ‘नुसता कातळ, तिथं काय पिकतं?’ असं मीही म्हटलेलं आहे. तिथं काजू होते, गुरांची चरणी होती, धनगरांची घरं होती. झाडांची आणि परिसराची माहिती अर्जात नीट दिली नाही, म्हणून २९ मार्च २०१९ला सर्वोच्च न्यायालयानं विमानतळाचा पर्यावरण परवाना स्थगित केला. जानेवारी २०२०मध्ये स्थगिती उठली. २०२३पासून विमानं उडताहेत.

विमानतळ हवा की नको, हा वाद वेगळा. पण ‘ओसाड’ हा शब्द आपण किती सहज वापरला! मास्तर निदान वाडीत राहिला आणि शिकला. आम्ही सड्यावरून नुसते गाडीनं गेलो.