हामिदला गळ्याशी कोणी घेतले?

आमच्या मराठी कथेत ईद आली की शिरखुर्मा येतो आणि शिरखुर्म्याच्या मागोमाग गळाभेट येते. मोहल्ल्यातले एखादे चाचा आणि शेजारच्या आळीतले एखादे गुरुजी वर्षभराचा अबोला विसरून एकमेकांना मिठी मारतात, डोळे पुसतात आणि कथा संपते. असा शेवट आम्ही विशेषांकांतून कितीदा तरी वाचला आहे. लेखकांच्या हेतूबद्दल आम्हास शंका नाही. तक्रार एवढीच की, जो प्रश्न कथेने उभा केला त्याचे उत्तर द्यायची वेळ येते, तेव्हा पात्रे एकमेकांच्या गळ्यात पडतात.

असे का होते, याचा विचार केला पाहिजे. मराठी मनात मुसलमानाची एक मिठी 1659 सालापासून घर करून आहे. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाने दिलेली ती मिठी आमची मुलेही इतिहासात उर्दूतून शिकतात आणि त्यांनी ती शिकलीच पाहिजे. खान आदिलशाहीचा सरदार होता, त्याच्या मिठीचा हिशेब आजच्या बागवानाने किंवा मोमीनाने देण्याचे कारण नाही. पण आमचा लेखक नकळत तो देत बसतो. बघा, आमची मिठी तशी नाही, हे वाचकाला पटवण्यासाठी तो ईद खर्ची घालतो. वास्तविक अनोळखी माणसाला ऊराशी धरणे मराठीला परके नाही. वारीत वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, उराउरी भेटतात. संतांनी क्षेमालिंगन हा शब्द वापरला, आम्ही मुआनका म्हणतो. (ईदचा मुआनका सुन्नत की नुसता रिवाज, हा वाद उलेमांवर सोडू.) मग सफाई कशासाठी?

या संदर्भात प्रेमचंदांची ‘ईदगाह’ पुन्हा वाचावी. 1933 ची ही कथा वर्गात शिकवताना मुले चिमट्यावर हसतात आणि अमीनापाशी गप्प होतात. गळाभेटीकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही, कारण प्रेमचंदांनी तिला जेमतेम एक वाक्य दिले आहे. त्याआधी नमाजाचे मोठे सुंदर वर्णन आहे. लाखो माणसे एकाच वेळी झुकतात, तिथे धन आणि पद कोणी पाहत नाही. नमाज संपते, लोक एकमेकांच्या गळ्याला लागतात आणि लगेच पुढच्या वाक्यात मिठाई-खेळण्यांच्या दुकानांवर धाड पडते.

ही दोन वाक्ये शेजारी शेजारी आहेत, हे आमच्या टीकाकारांनी फारसे पाहिलेले दिसत नाही. सफेमधली बरोबरी दुकानापर्यंत टिकते. तिथे महमूद, मोहसिन यांच्या खिशात पैसे खुळखुळतात आणि हामिदजवळ तीन पैसे. मोहसिन त्याला रेवडी देऊ करतो आणि हात पुढे येताच स्वतःच्या तोंडात टाकतो. बाप पटकीने गेलेला, मागोमाग आईही गेलेली. अशा या चार-पाच वर्षांच्या पोराला ईदगाहवर गळ्याशी कोणी घेतले? कथेत तसा उल्लेखच नाही. इतके लोक भेटत असताना त्याला कोणी भेटल्याचे प्रेमचंद लिहीत नाहीत. आणि लेखकाने हे मुद्दाम गाळले असावे, असे आमचे मत आहे. आमच्यापैकी कोणी ही कथा लिहिली असती, तर एखाद्या दाढीवाल्या बुजुर्गाने हामिदला तिथेच उचलून घेतले असते, हातात चार आणे ठेवले असते आणि चिमटा विकत घेण्याची वेळच आली नसती.

घरातली माया दाखवतानाही आमचा लेखक असाच घाईत असतो. आमच्या कित्येक घरांत बाप आणि कमावता मुलगा वर्षातून दोनदाच गळ्याला लागतात, तेही तीनदा मान फिरवून, घाईघाईने. 2020 आणि 2021 च्या ईदला पुष्कळ घरांत तेवढेही राहून गेले. या अवघडलेपणात केवढी कथा आहे! स्त्रियांचे तर विचारूच नका. अमीना ईदगाहवर जात नाही. पाच पैसे बटव्यात ठेवून ती घरी थांबते.

हामिद परत आला की ती धावत येते, त्याला उचलून घेते, लाड करते. इथे मिठी आहे, पण तिला अजून काही कळलेले नाही. मग चिमटा दिसतो आणि ती छाती पिटून रागावते. दुपार झाली, पोराने काही खाल्ले नाही, काही प्याले नाही आणि आणले काय तर हे लोखंड! तव्यावर तुझी बोटे भाजतात म्हणून घेतला, असे हामिद सांगतो. आता मिठीला खरे कारण मिळाले आहे. आमचा लेखक इथेच ती घालून मोकळा झाला असता. प्रेमचंद घालत नाहीत. म्हातारी पदर पसरून दुआ देत राहते, आसवे टपटप गळत राहतात. समोर उभ्या पोराला त्यातले काही समजत नाही.