बिल्ला कोणाचं नाव सांगतो? जपानी ड्रमसेट आणि शब्दप्रमाण

मागच्या वेळी शब्दप्रमाणावर बोलता बोलता वेळ संपली आणि उदाहरण राहून गेलं. ते आज घेऊ. उदाहरण इथलंच, इतवारीतलं आहे, एका जुन्या ड्रमसेटचं.

आमच्या गल्लीत एक ऑर्केस्ट्रावाले राहत. गणपतीत त्यांचा कार्यक्रम असला की आम्ही हातातलं पुस्तक मिटून ऐकायला जात असू. ते गेले आणि मुलानं सेट विकायला काढला. ड्रमवरच्या बिल्ल्यावर ‘अपोलो’ आणि ‘जपान’ एवढंच लिहिलेलं. घेणाऱ्यानं कुठलीशी यादी पाहिली, नाव सापडलं नाही. म्हणाला, नकली माल आहे, भंगाराचा भाव देतो. मुलगा आमच्याकडे आला. “सर, बाबा तर पासष्टचा जपानी म्हणायचे. मग खोटं सांगत होते का जी?”

आमचा आक्षेप त्या यादीवर आहे. बिल्ल्याचं नाव शोधा, समोरचं साल वाचा, झालं! ही रीत अमेरिकन ड्रमवरून आलेली आहे. लुडविग घ्या. ड्रम बनवणारा आणि बिल्ला लावणारा एकच, शिवाय १९६३च्या अखेरीपासून बिल्ल्यावर क्रमांक. तेही क्रमांक काळाच्या ओळीनं चालत नाहीत, ते सोडा. जपानी मालाची गोष्टच निराळी. फेब्रुवारी १९६४मध्ये बीटल्स अमेरिकन टीव्हीवर झळकले आणि पोराटोरांना ड्रम हवेसे झाले. लुडविग सगळ्यांना परवडणारा नव्हता. ती गरज जपानी कारखान्यांनी भागवली, आणि पुष्कळदा बिल्ल्यावर नाव घातलं ते माल मागवणाऱ्या व्यापाऱ्यानं ठरवलेलं. स्टुअर्ट, मॅजेस्टिक, अपोलो ही अशी नावं.

न्यायदर्शनात शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा, म्हणजे ज्याला माहीत आहे आणि जो खरं सांगतो त्याचा. इथं बिल्ल्यातून बोलतो व्यापारी. ‘मी विकला’ एवढंच तो सांगतो, आणि यादीवाला त्याचा अर्थ ‘मी बनवला’ असा लावतो. (मुंबई-कोकणातल्या मिरवणुकीत ज्याला बेंजो म्हणतात, त्याचं मूळही जपानी ताइशोगोतो, १९१२चं. नाव बदललं की घराणं विसरलं जातं.)

आपल्या सराफ्यात शिक्का बघूनही सोनं कसोटीवर घासतातच ना? मग ड्रमचं कातडं काढून खोड आतून बघायला काय हरकत आहे? आम्ही बघितलं. लुआन लाकडाचं पातळ प्लायवुड, दोन्ही काठांना आतून बळकटीची लाकडी कडी, बाहेर मोत्यासारखा चकाकणारा प्लॅस्टिकचा पत्रा. साठच्या दशकातल्या स्वस्त जपानी ड्रमची ही ठेवण. स्क्रू ज्यात बसतात ते धातूचे कान अमेरिकन घाटाचे. त्यावरून कारखाना ओळखता येतो असं काहीजण सांगतात, पण कान बाहेरूनही विकत घेता येतात. व्याप्तीच नाही, तर अनुमान कसलं?

नाव उपयोगी पडतं ते अलीकडची हद्द नाही, पलीकडची हद्द आखायला. होशिनो कंपनीचे ड्रम आधी ‘स्टार’ नावानं निघत. ‘तामा’ हे नाव १९७४चं. तेव्हा तामाचा बिल्ला असलेला सेट त्याआधीचा नव्हे. यामाहाचे ड्रम १९६७पासूनचे. पर्लचे मात्र १९५०पासून आहेत, तिथं नुसत्या नावानं फारसं हाती लागत नाही.

आता आमची फजिती. कातडी प्लॅस्टिकची होती, छपाईही बरीच अलीकडची. आम्ही ऐटीत सांगून टाकलं, सेट एवढा जुना नाही. पोरगा हसला. “सर, कातडी तर बाबा नेहमीच बदलायचे!” उभा जन्म आम्ही मिलिंदप्रश्न शिकवला. चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, हे नागसेनाचे प्रश्न मुलांना विचारले. आणि स्वतः कातड्यालाच ड्रम समजून बसलो!

उत्तर शेवटी सापडलं त्यांच्या घरच्या ट्रंकेत. गणेशोत्सवातल्या कार्यक्रमाचा फोटो, मागच्या कापडी फलकावर साल १९६८. हाच सेट कशावरून? मोतिया पत्र्यातल्या लाटा प्रत्येक ड्रमवर वेगळ्या पडतात. बेस ड्रमच्या जोडाजवळची एक लाट भिंग लावून ताडून पाहिली. तीच.

म्हणजे सेट १९६८च्या अलीकडचा नाही. खोडाची ठेवण साठच्या दशकातली. पासष्ट असेल, सदुसष्टही असेल. कारखाना कुठला, ते यातून ठरत नाही. वडील मात्र या बाबतीत आप्तच. सेट त्यांनी स्वतः विकत घेतला होता, त्यामुळे घेतल्याचं साल त्यांना ठाऊक असणार. बनल्याचं साल त्यांनाही ठाऊक नसणार, आणि तसा दावा त्यांनी कधी केलाही नव्हता. मुलाला आम्ही एवढंच सांगितलं.

सेट त्यानं विकला, भंगाराच्या भावात नाही. फोटो आणि स्नेअर मात्र ठेवून घेतली. त्या स्नेअरचा बिल्ला केव्हाच पडलाय, नुसतं मधलं भोक उरलंय.