पत्रके कोणी काढली?

माँटगोमेरीच्या बस-बहिष्काराची गोष्ट मी वर्गात आणि शिबिरांत अनेक वर्षे सांगत आलो. राबून थकलेल्या रोझा पार्क्स १ डिसेंबर १९५५ रोजी गोऱ्या उतारूसाठी जागेवरून उठल्या नाहीत, मार्टिन ल्यूथर किंग पुढे आले आणि ३८१ दिवस काळी माणसे पायी चालली. श्रोत्यांना ती आवडते. पार्क्सबाई १९४३ पासून तेथील काळ्यांच्या संघटनेच्या चिटणीस म्हणून काम करीत होत्या, हे मी सांगत नसे. मलाच ठाऊक नव्हते.

जो अ‍ॅन रॉबिन्सन यांच्या १९८७ साली निघालेल्या आठवणींनी माझी ही गोष्ट मोडली. 'माँटगोमेरीचा बस-बहिष्कार आणि तो सुरू करणाऱ्या स्त्रिया' हे तिचे नावच मुळी भांडण उकरून काढणारे आहे. आत मात्र भांडण नाही, तपशील आहे. १९४९ च्या नाताळात जवळजवळ रिकाम्या बसमध्ये पुढे बसल्याबद्दल ड्रायव्हर अंगावर धावून आला आणि इंग्रजीच्या या प्राध्यापिका रडत खाली उतरल्या. तो अपमान त्यांनी खाजगी दुःख म्हणून जपला नाही. १९४६ साली स्थापन झालेल्या स्त्रियांच्या राजकीय मंडळात त्या गेल्या आणि २१ मे १९५४ रोजी महापौरांना पत्र लिहून बहिष्काराचा इशारा दिला. म्हणजे पार्क्सबाईंच्या अटकेआधी दीड वर्ष! अटकेच्या रात्री एक सहकारी आणि दोन विद्यार्थी घेऊन त्यांनी कॉलेजच्या सायक्लोस्टाईल यंत्रावर हजारो पत्रके काढली. कॉलेज सरकारी होते. प्राचार्यांनी जाब विचारला, तेव्हा कागदाचे पैसे त्यांनी स्वतः भरले. चळवळीत ज्याने रात्री जागून स्टेन्सिल कापले आहे, त्याला या पानांचे मोल वेगळे सांगायला नको.

५ डिसेंबरला समिती झाली, धर्मोपदेशक व्यासपीठावर आले आणि बाई समितीचे वार्तापत्र संपादित करू लागल्या. या बदलाविषयी रॉबिन्सन फारच सौम्य आहेत. येथे मला पुस्तक अपुरे वाटते. बहिष्काराची जुळवाजुळव स्त्रियांनी केली आणि नेतृत्व पुरुषांकडे गेले, हे नैसर्गिक होते काय? वर्णव्यवस्थेविरुद्ध उभ्या राहिलेल्या समाजाच्या घरातलीच ही उतरंड आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये पंधरा वर्षांच्या क्लॉडेट कोल्विनला याच गुन्ह्यासाठी अटक झाली होती. गरीब, अल्पवयीन आणि पुढे गरोदर राहिलेली मुलगी पुढाऱ्यांना लढ्याचे प्रतीक म्हणून चालली नाही. पण ज्या खटल्याने १९५६ साली बसमधला वर्णभेद बेकायदा ठरला, तो चार स्त्रियांच्या नावे होता आणि त्यांत कोल्विन होती.

दुसरी उणीव वर्गाची. पुस्तक लिहू शकल्या त्या प्राध्यापिका. जॉर्जिया गिल्मोर स्वयंपाकीण होत्या. किंग यांच्या खटल्यात १९५६ साली त्यांनी साक्ष दिली आणि त्यांची नोकरी गेली. मग घरीच रांधून विकू लागल्या. त्यांच्याबरोबरच्या बाया जेवण आणि पाय विकून पैसा जमवीत, आणि बहिष्कारी लोकांची ने-आण करणाऱ्या गाड्यांचे पेट्रोल त्यातून निघे. (पाय म्हणजे फळांचे सारण भरलेला तिकडचा भाजलेला पदार्थ.) पैसा कोठून आला असे विचारले तर 'कोठूनच नाही' असे सांगता यावे, म्हणून मंडळाचे नावच तसे ठेवले होते. मालकिणीला कळले तर काम जाई.

१९७२ साली आपल्या तरुणांनी काळ्यांच्या पँथरचे नाव घेतले. काळ्या स्त्रियांचे हे काम मात्र आपल्या चर्चेत फारसे आले नाही. रॉबिन्सन यांच्यानंतर दोन वर्षांनी, १९८९ साली, ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' निघाले. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून, त्यांच्याशी बोलून ते सिद्ध झाले. हयात असलेल्या बाईला विचारले म्हणून तिची हकीकत छापली गेली. आमच्या वस्तीतल्या सभांना भाकऱ्या कोणी पुरवल्या, हे मी अजून कोणाला विचारलेले नाही; त्यांतल्या दोघी-तिघी अजून आहेत.